पुढच्याला उठव

मित्रांनो, मी एक जुने फंक्शन आहे. यंत्राने एखादे काम कसे करायचे ते सांगणाऱ्या मोजक्या ओळी म्हणजे फंक्शन. जळगावच्या पारसमलभाऊंनी केळी पिकवण्याच्या खोल्यांसाठी एक डबा बनवला. त्या डब्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये माझा जन्म झाला. पंखा, गारवा, गॅस ही कामे रांगेत झोपून असतात. ज्याची पाळी येईल त्याला मी जागे करायचे. म्हणून माझे नाव 'पुढच्याला उठव'.

रांगेला एक लॉक असते. ते ज्याच्या हाती, त्यानेच रांगेला हात लावायचा, म्हणजे दोघांची ओढाताण होत नाही. मला बोलावणारा कोड ते आधीच घेऊन येई. मी स्वतः कधी घेत नसे. पण हे ना माझ्या नावात होते, ना माझ्या डोक्यावर कुठे लिहिलेले. कोड वाचताना कोणी अडले की भाऊंना फोन करी, आणि भाऊ जेवण अर्धे टाकून समजावत.

भाऊ गेले. त्यांचा पुतण्या अर्पित कोड वाचू लागला आणि माझ्यापाशी थबकला.

"यात लॉकच नाही. काकांचं राहून गेलं असेल," असे म्हणत त्याने चांगल्या मनाने माझ्या आत लॉक मागणारी ओळ घातली.

तेव्हापासून मला चैन नव्हती. लॉक बोलावणाऱ्याच्या हाती. ते सुटण्याची मी वाट पाहते, आणि तो माझ्या परतण्याची. दोघेही जागच्या जागी खिळलेले. यावलला केळीचे व्यापारी जीवराम नानांच्या खोलीत पंखा थांबला आणि केळी काळी पडली.

"पारसभाऊचं नाव राखू का केळी राखू?" नाना भाऊंच्या मुलीला, चेलनाला, फोनवर म्हणाले. "बठ्ठा माल गेला, बेटा. अजून एक खोली भरतो. तीही बिघडली तर डबा काढून ने."

चेलना जेवणखाण विसरून माझ्या अवतीभवतीचा कोड वाचत बसली. शेवटी अर्पितची ओळ तिने पुसली.

"राहिलं नव्हतं रे. बोलावणारा लॉक घेऊनच येतो."

"मग काकांनी तसं लिहिलं का नाही?"

"लिहिलं असतं तर कोणी फोन केला असता का?" ती म्हणाली. "पप्पांना फोन आलेला आवडायचा."

मग तिने माझे नाव लांबवले: 'लॉक धरलेले असताना पुढच्याला उठव'. वर दोन ओळी लिहिल्या: मला बोलावण्याआधी रांगेचे लॉक घ्या. मी ते घेत नाही आणि सोडतही नाही.

खोली भरली तेव्हापासून तिचा डोळा फोनवर होता. एकदाचे नाना बोलले, "केळी पिवळीधमक. राहू दे डबा."

मित्रांनो, काही बनवाल तेव्हा त्याला पुरते नाव द्या. सांगायचे ते त्याच्याजवळच लिहून ठेवा. विचारायला आपण असूच, असे धरून चालू नका.

माझ्याबद्दल विचारायला आता कोणाचा फोन येत नाही. तरी भाऊंच्या दुकानातला फोन वाजला की चेलना तो पहिल्याच रिंगला उचलते.