खारवलेली वही

मी दोनशे पानांची वही बोलतेय. नाक मुरडू नका, वास माझाच आहे. सुरमईचा, बर्फाचा आणि मिठाचा. मिठाचं सांगतेच.

अंधेरी स्टेशनबाहेरच्या दुकानात मी मोठ्या ऐटीत बसले होते. डॉक्टर होणारी एखादी मुलगी मला नेईल, अशी माझी खात्री. नेलं कोणी? वेसाव्याच्या सगुणाबाईंनी! वय बावन्न, धंदा मासे विकायचा. मला सरळ टोपलीत कोंबलं. म्हटलं, झालं, वाट लागली आपली.

पण पहिल्याच पानावर बाईंनी लिहिलं, ‘एक मासा फिश. टोपलीभर मासे पण फिशच. असं का?’ मी कान टवकारले.

तेराव्या वर्षी आई गेली आणि तिच्या जागेवर सगुणाबाई बाजारात बसल्या. शाळा सुटली ती सुटलीच. आता दहावीला बाहेरून बसल्या, तर सगळे विषय निघाले आणि इंग्रजीने दोनदा आपटलं. “या मार्चला नाय सुटला, तर परत फॉर्म भरणार नाय,” असं त्यांनी घरात सांगून टाकलं होतं.

गिऱ्हाईक नसलं की बाई बॉलपेनने शंका लिहायच्या. रिसीव्हच्या स्पेलिंगात आधी ई की आय? मेनी कुठे, मच कुठे? संध्याकाळी त्यांची सून नमिता निळ्या जेल पेनने, अगदी मोत्यासारख्या अक्षरात उत्तरं लिहायची. मला तर ती उत्तरंच माझे दागिने वाटायचे.

परीक्षेला आठ दिवस उरले आणि मी टोपलीतल्या बर्फाच्या पाण्यात पडले. चिंब! बाईंनी घरी नेऊन काय करावं? पानापानात जाडं मीठ भरलं आणि मला अंगणात उन्हात ठेवलं.

“आई, अहो वहीला मीठ?” नमिता किंचाळली.

“मग? जाड मासा मिठाशिवाय सुकत नाय, आणि दोनशे पानांची जाडी हाय तिची. बोंबील हाय का नुसता वाऱ्यावर सुकायला?”

सुकले मी. पण उघडून बघतात तर बाईंचे सगळे प्रश्न जागच्या जागी, आणि नमिताची उत्तरं धुऊन गेलेली! नुसते निळे डाग. नमिता रडायलाच लागली. बाईंनी मात्र एकेक पान उलटून आपले प्रश्न पुन्हा वाचले. मग म्हणाल्या, “बॉलपेन दे.”

आणि पहिल्या पानापासून त्या स्वतः उत्तरं लिहू लागल्या. “कोळंबी मोजता येते, ती मेनी. जवळा कोण मोजत बसणार? तो मच. टेक म्हणजे ताजं, टुक म्हणजे कालचं बर्फातलं, टेकन म्हणजे सुकवलेलं.” नमिता डोळे पुसायची विसरली. चार दिवसांत बाईंनी सगळी उत्तरं भरून काढली. अडल्या फक्त सात ठिकाणी. अहो, मी नुसता कागद, पण माझ्या अंगावर काटा आला! ज्या बाईला मी अडाणी समजत होते, तिच्या डोक्यात माझ्यापेक्षा जास्त पानं होती.

निकाल लागला. इंग्रजीत अठ्ठावन्न! बाईंनी भर बाजारात शेजारच्या रतनबाईंना मिठी मारली. माशांचे हात, कोणाला पर्वा! नारळी पौर्णिमेला होडीबरोबर मलाही हळदकुंकू लागलं.

आता माझं वय झालंय. मिठामुळे दमट हवेत माझी पानं अजून ओलसर होतात. सध्या मी रतनबाईंच्या टोपलीत असते, कारण यंदा त्या दहावीला बसल्यात. त्यांनी मला प्लॅस्टिकचं कव्हर आणलं होतं. मनात म्हटलं, नको गं बाई, नको घालूस!

सगुणाबाईंनीच ते काढून ठेवलं. “माझी उत्तरं बघू नको. शेवटची पानं कोरी हायत, तिथं तुझे प्रश्न बॉलपेनने लिही,” त्या म्हणाल्या, “आणि उत्तरं जेल पेनने. एकदा धुऊन गेली, की कळंल तुला किती येतं ते.”