फ्राउकेच्या बुटातला फेनिग

हाब्बोमामाला छंद होता एक फेनिगच्या नाण्यांचा. रस्त्यात पडलेलं दिसलं तरी जर्मनीतल्या लेअर गावातली माणसं ज्याच्यासाठी वाकायची नाहीत, त्या नाण्याचा! दर सालाची चार नाणी, कारण टांकसाळी चार आणि प्रत्येकीचं अक्षर वेगळं. त्याच्या वहीतली सगळी घरं भरली होती, एक सोडून: सदुसष्ट सालचं, ‘जी’ अक्षराचं. दुकानात ते विकत मिळालं असतं. पण नाणं विकत घेणं म्हणजे बाजारातला मासा गळाला लावून मिरवणं, असं मामाचं मत. अकरा वर्षं तो भिंग घेऊन सुट्टे उपसत होता.

म्हणूनच भाची फ्राउकेचं लग्न ठरल्यावर तिच्या बरण्या मोजून द्यायला तो आपणहून धावला. नवरीने लग्नाचे बूट स्वतः साठवलेल्या फेनिगांनीच घ्यायचे, ही तिथली रीत. फ्राउकेने तीन बरण्या भरल्या होत्या.

"दादा, मदत करतोयस की शिकार?" बहीण येटेने चहा ओतता ओतता विचारलं.

"मोजतोय गं मुकाट्याने," मामा म्हणाला, आणि दुसऱ्या बरणीच्या तळाशी ते सापडलं. त्याने भिंग लावून तीनदा पाहिलं: सदुसष्ट, ‘जी’!

"घेऊन टाक की मामा," फ्राउके म्हणाली. "त्याच्या जागी दुसरा टाक."

"छे! बुटाच्या पैशात परका फेनिग? उद्या तुझा संसार कुरकुरला, तर तुझी आई माझ्याच नावाने शंख करेल. बुटांच्या दुकानात जाऊ दे. मग मी तिथल्या टाल्केबाईंकडून बदलून घेतो."

ओरखडा पडू नये म्हणून तेवढं एक नाणं त्याने मऊ कागदात गुंडाळून सगळ्यांच्या वर ठेवलं. इथेच शहाणा फसला. शनिवारी तो सायकल हाणत दुकानात पोचला, तोवर बूट खोक्यात गेलेसुद्धा होते.

"शकुनाचा फेनिग किती छान गुंडाळून दिलात हो!" टाल्केबाई कौतुकाने म्हणाल्या. नवरीच्या बुटात एक फेनिग ठेवायचा असतोच. "उजव्या टाचेखाली ठेवलाय. आता लग्नाचा नाच संपेपर्यंत हात लावायचा नाही हं कुणी!"

लग्न झालं, वाजंत्री सुरू झाली. फ्राउके नाजूक नव्हती. नाचायला लागली की फळ्या हादरायच्या. तिची उजवी टाच आपटली की मामाच्या काळजात चर्र व्हायचं.

"मामा, माझ्या पायांकडे काय बघतोस सारखा?" ती समोर येऊन उभी राहिली.

मामाने सगळं ओकून टाकलं. फ्राउके पोट धरून हसली, खुर्चीत बसली आणि तिने बूट काढला. "घे बाबा! जीव टांगणीला लागलाय तुझा."

मामाने भिंग लावलं. अक्षर स्पष्ट होतं, पण खाली दोन ओरखडे उठले होते. एरवी असलं नाणं त्याने वहीजवळ फिरकू दिलं नसतं.

"चालेल ना रे?" एक पाय उघडा, घामाघूम झालेली पोर काळजीने विचारत होती. मामाला भरून आलं.

"पाय पुढे कर," तो म्हणाला. गुडघ्यावर बसून त्याने फेनिग तिच्या बुटात परत ठेवला. "शकुन कुणी अर्ध्यावर काढतं का, वेडे? उद्या आणून दे. आता ऊठ, हा नाच माझ्याबरोबर. आणि टाच आपट चांगली, पडू देत किती पडायचेत ते ओरखडे."