फळीवरचे आकडे

शहाण्णवावे पान उलटले आणि समोर एकशे तेरावे आले. कोकिळाने अंगठा ओला करून पान पुन्हा मागे घेतले. पाने चिकटलेली नव्हती. शिवणीजवळ नखाएवढी पट्टी तेवढी उरली होती, आणि तिची कड इतकी सरळ होती की कुणीतरी घाईत फाडले, अशी स्वतःची समजूत घालायचीही सोय नव्हती.

तिने कपाटातून दुसरी प्रत काढली. शहाण्णव, एकशे तेरा. तिसरी, चौथी, पाचवी. पाचही प्रतींतून आठ-आठ पाने ब्लेडने कापून नेली होती. आठवे प्रकरण संपून थेट दहावे सुरू होत होते, आणि पाचही पुठ्ठ्यांवर 'बोरकाठ' या नावाखाली तिचे स्वतःचे नाव काही घडलेच नाही अशा थाटात बसले होते.

सिंदीच्या त्या छोट्या चर्चमध्ये शनिवारी दुपारी कुणी नसे. बाकांवर कापसाची बारीक भुकटी बसलेली होती. जवळच्या जिनिंगमधून ती हिवाळाभर उडत येई आणि देवाच्या घरातही उतरे. कोकिळाने पदराने एक बाक पुसला, पाच पुस्तके त्यावर ओळीने मांडली आणि त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. दवाखान्यात ती रोगी असेच पाहत असे. आधी नुसते पाहायचे, हात नंतर लावायचा.

ती चौथी पास होती. वाचायला शिकली ती पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचता वाचता, आणि लिहायला मिशनच्या दवाखान्यात चिठ्ठ्या लिहिता लिहिता. त्यामुळे तिच्या कादंबरीतली वाक्ये शास्त्रासारखी आणि माणसे रोग्यांसारखी आहेत, असे नागपूरच्या एका परीक्षकाने छापले होते. ही स्तुती की काय, ते तिने अजून ठरवले नव्हते. पण त्याच परीक्षकाने नवव्या प्रकरणाला 'पुस्तकाचा प्राण' म्हटले होते, आणि ते मात्र तिने लगेच स्तुतीत धरले होते. उद्या अल्लीपूरच्या महिला मेळाव्यात हेच प्रकरण वाचा, असे तिकडच्या बायांचे पत्र होते. स्वतःच्या वाट्याच्या दहा प्रती वाटून संपल्या, म्हणून ती इथली एक न्यायला आली होती.

हे काम पाळकसाहेबांचेच, याविषयी तिला शंका नव्हती. ती एक प्रत काखेत मारून त्यांच्या अंगणात गेली.

पाळक प्रेमदास उन्हात खुर्ची टाकून संत्री सोलत होते. चष्मा कपाळावर, पेपर मांडीवर.

"पाळकसाहेब, नववं प्रकरण पटलं नव्हतं तर तोंडानं सांगायचं होतं. ब्लेड कशाला लावली?"

"कोणतं नववं?"

"ज्यात ती बाई नवऱ्याच्या मरणासाठी प्रार्थना करते, ते."

प्रेमदासांची फोड तोंडाशी थांबली.

"अरे बाप रे. असं आहे होय त्यात?"

कोकिळा त्यांच्याकडे पाहत राहिली. याच माणसाने प्रकाशनाच्या दिवशी पाऊण तास भाषण केले होते. शेवटी डोळे पुसले होते. तिनेही पुसले होते.

"तुम्ही वाचलंच नाही?"

"प्रस्तावना वाचली ना. प्रस्तावनेवरच बोललो मी. फार सुंदर आहे प्रस्तावना." त्यांनी चष्मा खाली ओढला. "आता तिसऱ्या प्रकरणावर आहे. सावकाश वाचतो मी, कोकिळाबाई. चांगलं पुस्तक सावकाशच वाचावं."

"सहा महिने झाले."

"म्हणजे बघा, किती चांगलं आहे! आणि मी कशाला कापीन? गेल्या रविवारी मीच व्यासपीठावरून जाहीर केलं ना, कोकिळाबाई अल्लीपूरला नववं प्रकरण वाचणार म्हणून?"

ते खरे होते.

"कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"एक माझ्याकडे, ती हरवली त्याला वर्ष झालं. दुसरी तानाबाईकडे."

"तानाबाईला वाचता येत नाही."

"मग उंदीर असतील."

"उंदीर पट्टी लावून कुरतडतात का, साहेब?"

त्यांनी अर्धे संत्रे पुढे केले. तिने ते घेतले नाही, आणि फाटकाबाहेर पडल्यावर घ्यायला हवे होते असे तिला वाटले. पाळक न वाचता रडला, ही फसवणूक तिला खरे तर कापलेल्या पानांहून जास्त लागली होती, आणि संत्र्याने त्यावर काही फरक पडला नसता. पण घशाला कोरड पडली होती.

तिला तानाबाई हवी होती. काही झाले की तिला तानाबाईच हवी असे.

तानाबाई चर्चची झाडलोट करी, घंटा वाजवी, आणि शनिवारी दुपारी भिंतीवरच्या फळीला उद्याच्या गीतांचे आकडे टांगी. आकडे पत्र्याच्या तुकड्यांवर रंगवलेले होते आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात राहत. तानाबाई स्टुलावर चढे, कोकिळा चिठ्ठी पाहून खालून एकेक आकडा तिच्या हातात देई. तानाबाई मान न वळवता हात मागे करी आणि हातात येईल तो आकडा टांगून टाकी. बारा वर्षे हे चालले होते, आणि आकडा कधी चुकला नव्हता.

आकडे टांगून झाले की पायरीवर बसून कोकिळा नवीन लिहिलेले वाचून दाखवी. दवाखान्यातल्या रद्दी कागदांच्या पाठीवर लिहिलेली 'बोरकाठ' आधी तानाबाईने ऐकली होती. ही नुसती हौस नव्हती. कोकिळाची एक श्रद्धाच होती ती. प्रार्थनेत खोटे बोलता येत नाही, लिहिताना मात्र सहज येते. म्हणून लिहिलेले माणसाच्या तोंडावर वाचावे, म्हणजे खोटे असेल ते आपोआप अडखळते. आणि शास्त्र वाचण्याआधी अध्याय पुकारायचा, या लहानपणच्या सवयीने ती स्वतःचे वाचतानाही 'प्रकरण चौथे', 'प्रकरण पाचवे' असे पुकारी. त्याशिवाय तिचा आवाज मोकळा होत नसे.

ती परत आली तेव्हा तानाबाई स्टूल ओढत होती. बाकावरची पाच पुस्तके तिने पाहिली असावीत, कारण त्यांच्या आजूबाजूचा बाक झाडून तेवढी जागा तशीच सोडली होती.

"तानाबाई, बघ ना, माझ्या पुस्तकाची कोणी काय गत केली ते. पाचही पुस्तकं कापली गं."

"मी कापली."

तानाबाईने स्टूल फळीखाली नीट बसवले, हलते का ते पाहिले.

"तू?"

"मंग काय पाळकसाहेब कापते? त्याईले संत्री सोडून काई कापता येते?"

कोकिळाला हसू आले नाही.

"तुला वाचता येत नाही."

"आकडे येतेत ना." तानाबाईने हनुवटीने फळी दाखवली. "बारा वर्षांपासून काय टांगून राह्यली मी? पुस्तकात प्रकरणावर मोठा आकडा असते. नऊ पाह्यला, दहा पाह्यला, मधातलं काढून घेतलं."

"पण का?"

"तूच सांग काऊन ते." तानाबाई स्टुलावर बसली. "पायरीवर बसून वाचत होती तू. आठवं झालं. मंग पुढच्या शनिवारी म्हणते, 'प्रकरण दहावे'. मी म्हटलं, आज चुकली बाप्पा कोकिळा. मंग तुह्या तोंडाकडे पाह्यलं. चुकली नोती तू."

बाहेर जिनिंगचा भोंगा झाला.

एकाहत्तर साली, एका गुरुवारी, पाऊस होता म्हणून महिला मंडळाच्या प्रार्थनेला दोघीच आल्या होत्या. एकेकीने काही मागायचे, अशी पद्धत. तानाबाई आपली पाळी आली की कायम नुसते 'आमेन' म्हणे. त्या दिवशी कोकिळाने विचारले, तू कधी काही मागत का नाहीस? तेव्हा तानाबाईने सांगितले. नवरा लहानू पिऊन मारायचा. एकदा हात मोडला. मोडक्या हाताने ती गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, देवा, याले ने. आठव्या दिवशी लहानू जेवायला घरी आला, भिंतीला टेकला आणि तसाच कलंडला. गालातली तंबाखू गालातच राहिली. एकदा मागतलं अन् भेटलं, तानाबाई म्हणाली होती, आता काई मागाचं म्हणजे भेव वाटते.

नवव्या प्रकरणात हे सगळे होते. तंबाखूसुद्धा.

"नाव बदललं होतं मी," कोकिळा म्हणाली. "गाव बदललं. आणि हजार प्रती छापल्यात, तानाबाई. पाच कापून काय होणार?"

"हजार पुस्तकं अल्लीपूरले जात नाईत. तू जाऊन राह्यली. तिथं कोन हाय?"

कोकिळाला आठवले. आठवले तसे तिने डोळे मिटून घेतले. अल्लीपूर तानाबाईचे सासर होते. लहानूचे दोन भाऊ अजून तिथेच होते, आणि मेळाव्याला त्यांच्या बायका आल्याशिवाय राहणार नव्हत्या. पत्र आले तेव्हा या गोष्टीची तिला आठवणसुद्धा झाली नव्हती. पत्रात 'आमच्या लाडक्या लेखिका' असे लिहिले होते.

तानाबाईने बिस्किटांचा डबा उघडला. आकड्यांच्या खाली पानांचे पाच गठ्ठे होते, प्रत्येकाला वातीचा दोरा बांधलेला. त्यातला एक सोडून तिने कोकिळापुढे धरला.

"वाच."

"आता?"

"कापलं मी अंदाजानं. आत काय हाय मले कुठं म्हाईत? वाच तू. आकडा म्हणून वाच."

कोकिळा बाकावर बसली. घसा साफ केला.

"प्रकरण नववे," ती म्हणाली.

पहिले पान दोन्ही बाजूंनी वाचून झाल्यावर तानाबाईने हात पुढे केला, ते पान घेतले आणि मांडीवर उपडे ठेवले. मग दुसरे. तिसरे. एकही पान वगळता येण्यासारखे राहिले नाही. मोडका हात आला तेव्हा तानाबाईने आपले मनगट दुसऱ्या हातात धरले. तंबाखू आली तेव्हा ती खिडकीकडे पाहत होती. सातवे पान तिने मांडीवर ठेवले आणि म्हणाली,

"लिहिलं मात्र बराबर हाय. मलेच इतलं बराबर सांगता आलं नोतं."

कोकिळाला वाटले, संपले, सुटले मी. तिने आठवे पान सुरू केले. त्यात ती बाई वेदीपुढे पालथी पडली. रडली. मी पापीण आहे, मला क्षमा कर, असे तीनदा म्हणाली.

"थांब. हे कोन वं?"

"तीच."

"माफी मागून राह्यली?"

"हो."

"मी मागतली होती?"

कोकिळाने पान खाली घेतले. "छापणाऱ्या साहेबांचं पत्र आलं होतं नागपूरहून. पश्चात्ताप नसेल तर छापता येणार नाही म्हणाले. एका दुपारी लिहिलं ते."

"म्हणजे त्या सायबासाठी तू मले पालथं पाडलं."

तुला नाही, नायिकेला, असे म्हणायला कोकिळाने तोंड उघडले. पण तानाबाईच्या मांडीवरच्या पानांत लहानूची तंबाखू होती.

"चोरलं तं चोरलं, कोकिळा," तानाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. झाडलोट करताना बोलावे तसाच होता. "सुधरून काऊन टाकलं? चौदा वर्षं झाली, देवाशी मी एकच गोष्ट खरी ठेवली. मले वाईट वाटलं नाई, तं वाटलं म्हणून सांगतलं नाई. त्याच्या घरात झाडू मारतो मी, पण खोटं नाई बोलली. तेवढंच होतं माह्यापाशी."

तिने ते आठवे पान कोकिळाच्या हातातून घेतले. मग उरलेले चारही गठ्ठे सोडले, प्रत्येकातले शेवटचे पान आकडा पाहून बाजूला काढले, आणि पाचही पानांची घडी करून कमरेला खोचली. बाकीची पाने सारखी करून तिने कोकिळाच्या मांडीवर ठेवली.

"अल्लीपूरला मी नाही वाचणार," कोकिळा म्हणाली.

"तुह्यं तू पाह्य."

"तानाबाई..."

"गीतं टांगाची हायेत. उजेड जाईन."

ती स्टुलावर चढली. कोकिळाने पाने बाजूला ठेवली, डबा घेतला आणि चिठ्ठी पाहिली. सत्तेचाळीस, एकशे बारा, दोनशे नऊ. तिने चारचा तुकडा वर धरला.

तानाबाईने हात मागे केला नाही. ती वळली, खाली पाहून तुकडा घेतला, डोळ्यांसमोर धरला आणि मग टांगला. सातही तसाच. एक, पुन्हा एक, दोन. प्रत्येक तुकडा ती पाहून घेत होती. दोन आणि शून्य झाल्यावर कोकिळाने नऊ पुढे केला. तानाबाईने तो खिडकीच्या उजेडात धरला, नीट पाहिला, उलटून मागची बाजू पाहिली, आणि मग टांगला.