टेबलाजवळचा बेड

आई थोरल्या लेकीला सिस्टर म्हणायला लागली आणि तिच्या अंगातलं उरलंसुरलं त्राणही गेलं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण "अहो सिस्टर, जरा पाणी द्याल का," असं जन्मदात्या आईने अदबीने म्हणायचं आणि लेकीने मुकाट्याने पाणी द्यायचं, हे काही तिच्या पचनी पडत नव्हतं.

ऑपरेशन खुब्याचं होतं. हाड नीट बसलं, त्याबद्दल तक्रार नाही. डोकं मात्र जागेवरून हललं. आई भरदुपारी घोरायची आणि सगळा वॉर्ड आडवा झाला की उठून बसायची, दूधवाला येऊन गेला का म्हणून विचारायची. एकदा तर कठड्यावरून पाय टाकून निघालीच होती. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी ऑपरेशननंतर होतं असं, बहुतेकांचं ओसरतं. धाकट्या भावाने त्यातला 'बहुतेकांचं' एवढाच शब्द उचलला. "ताई, असंच राहिलं तर तू एकटी घरी कशी सांभाळणार? मी एक चांगली संस्था बघून ठेवलीय." वाईट नव्हता तो, पण घाई त्याच्या पाचवीलाच पुजलेली. आईला घरी पाठवायचं की संस्थेत, हे डॉक्टर शुक्रवारी सांगणार होते.

आता या वॉर्डाची एक रीत होती. ज्याच्यावर डोळा ठेवायचा, त्याचा बेड सिस्टरांच्या टेबलाजवळ. जो बरा होत आला, तो सरकत सरकत खिडकीकडे. रीत शहाणपणाची, कोणी नावं ठेवणार नाही. पण टेबल होतं पार आतल्या कोपऱ्यात. तिथे ट्यूबलाइट दिवसरात्र सारखीच जळायची, सकाळ झाली हे चहाच्या गाडीवरून कळायचं. आई बरळली की तिचा बेड सोंगटीसारखा एक घर आत सरके. आत सरकला की ती आणखी बरळे, म्हणून आणखी आत. आता टेबलाला टेकायचाच काय तो बाकी होता.

थोरलीलाही हे आधी दिसलं नव्हतं. स्टुलावर कंबर मोडून बसणाऱ्याला काय दिसणार, कपाळ? पण एक्स-रेसाठी आईला स्ट्रेचरवरून नेलं, ते एका लांब व्हरांड्यातून. एका बाजूला नुसत्या काचा. उन्हात आल्यावर आईने डोळे बारीक केले, बाहेर पाहिलं आणि म्हणाली, "एवढं ऊन पडलंय, गाद्या तरी टाकायच्या वाळत." अगदी तिच्या नेहमीच्या, ठपका ठेवायच्या आवाजात. थोरलीला रडूच आलं. परत ट्यूबखाली आल्यावर पुन्हा "अहो सिस्टर" सुरू झालं.

तिने मोठ्या सिस्टरना गाठलं. "खिडकीजवळचा बेड रिकामा झालाय. तो आईला द्या."

ड्यूटीवर ड्यूटी करून त्याही मेटाकुटीला आलेल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो ताई, टेबलाजवळ बेड मिळावा म्हणून लोक माझ्या विनवण्या करतात, आणि तुम्ही लांबचा मागताय? तिकडे त्या उतरायला गेल्या आणि पडल्या, तर उत्तर मला द्यावं लागेल."

"इथे दिवस उगवतच नाही, सिस्टर. वेळ तिला कळणार कुठून?"

"ते काय मला कळत नाही? बाहेर पडल्यावर ऊन आहे की अंधार, ते मलाही बघावं लागतं." त्यांनी खिडकीजवळच्या रिकाम्या बेडकडे पाहिलं. "शेजारी सतत कोणीतरी हवं. डोळ्याला डोळा न लावता. जमेल?"

"जमेल," थोरली म्हणाली. जमणार कसं, याचा विचार करायचंही तिच्यात बळ नव्हतं.

खिडकीतून दिसायचं तरी काय? सायकलस्टँड, एक झाड आणि समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या. पण ऊन यायचं, सकाळी पायाशी, दुपारी पार उशीपर्यंत. थोरली आईला उशा लावून बसवायची, दिवसा झोपू द्यायची नाही, काहीबाही बोलत राहायची. आई हळूहळू रात्री सलग झोपू लागली. थोरलीला ते खरंच वाटेना, म्हणून ती आपली जागीच. 'सिस्टर' मात्र काही सुटलं नाही.

शुक्रवारी दुपारी पाठीवर ऊन आलं आणि इतके दिवस हुसकावून लावलेल्या झोपेने डाव साधला. थोरलीचं कपाळ गादीच्या कडेला टेकलं ते टेकलंच.

तिला जाग आली ती आवाजांनी. डॉक्टर आले होते, सोबत मोठ्या सिस्टर आणि भाऊ. झोपायचं ते नेमकं आज. ती मान उचलायला गेली तर डोक्यावर हात होता. आईचा, खरखरीत, दाबून धरलेला.

"आजी, आता सकाळ आहे की संध्याकाळ?" डॉक्टर विचारत होते.

"हळू बोला," आई म्हणाली. "दुपार टळली, ऊन टाक्यांवर गेलं बघा. पोरीने सकाळपासून पोटात काही घातलेलं नाही. चिमी झोपलीय माझी, उठवू नका तिला."

चिमी म्हणून तिला आईशिवाय कोणी हाक मारत नसे.

"अगं आई, पण डॉक्टरांना..." भाऊ बोलू लागला.

"तू बडबड नको करू. खाली जा आणि हिला खायला घेऊन ये."

तो निमूट गेला. डॉक्टर हळू आवाजात मोठ्या सिस्टरना म्हणाले, "यांना घरीच पाठवू." थोरलीने ते ऐकलं. मान अवघडून गेली होती तरी तिने डोळे उघडले नाहीत. डोकं उचललं तर पुन्हा सिस्टर व्हावं लागेल, असं तिला वाटत होतं.