सोनगळ्याची शीळ

शिंपीकाकांच्या घरात दिवस उजाडायचा तो पिंजऱ्यावरचा अभ्रा काढल्यावर. मग चहा, मग शिलाई मशीन. खिडकीतला सोनगळा पिवळा गळा फुगवून गायचा, "खटखट, खट, खर्रर्र!" हुबेहूब मशीन. काका मिशीतल्या मिशीत हसायचे.

"पिंजऱ्यातले महाराज बोलले की मला वाटतं, तुम्ही कामाला बसलात," काकू म्हणायच्या. "येऊन बघावं तर हातात पेपर!"

त्यांची लेक पक्षी वाचवण्याच्या केंद्रात कामाला होती. त्या दिवशी ती सकाळीच आली नि दारातच उभी राहिली.

"बाबा, आमचा शेवटचा नर काल गेला. सोनगळ्याची एक मादी तेवढी उरलीय. हा द्या."

"घरातलं पाखरू बाहेर देऊ नये. बरकत जाते."

"इथं अख्खी जात चाललीय, बाबा!"

"द्या हो," काकू हळूच म्हणाल्या. "पोरीनं आजवर काही मागितलंय का?"

काकांनी पिंजरा स्वतःच्या हातानं केंद्रात नेला. मोठ्या जाळीत सोनगळा मादीसमोर बसला, गळा फुगवला आणि गायला, "खटखट, खट, खर्रर्र!" मादी दचकून लांबच्या कोपऱ्यात गेली. तीन आठवडे हेच चाललं. घरटं बांधण्याचे दिवस सरत आले.

"याला आणलंत तेव्हा केवढा होता?" लेकीनं विचारलं.

"डोळेही उघडले नव्हते. तशीच रीत आहे. नंतर ती माणसाळत नाहीत."

"गाणं ही पाखरं बापाकडून शिकतात, बाबा. यानं ऐकलं ते मशीन. आता शिकायचं वय गेलं."

काका जाळीजवळ गेले. मग कवळी काढून खिशात ठेवली, ओठ जुळवले आणि लहानपणी झाडाखाली ऐकलेली शीळ घातली. तीन चढते सूर, जरासा थांबा, शेवटी बारीक गिरकी. देवानं त्या गळ्याला दिलेलं गाणं आता एवढ्याच एका म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

मादी फांदी फांदी करत पुढं आली. थेट काकांच्या तोंडासमोर बसून तिनं पंख थरथरवले.

"थांबा, बाबा," लेकीनं त्यांचा हात धरला. "ती तुम्हाला नर समजतेय."

त्या आठवड्यात मादीनं दोन अंडी घातली. त्यात जीव नव्हता. पुढं महिन्याभरात तीही गेली.

सोनगळा केंद्रातच राहिला, काका पुन्हा मशीनवर बसू लागले. एके दुपारी शेजारची सून पुठ्ठ्याचा खोका घेऊन आली. "काका, पिंजऱ्याला छानसा अभ्रा शिवून द्या ना. सोनगळा कुठं मिळतोय आता! दुसऱ्या जातीचं पाखरू आणलंय. अजून डोळेही उघडले नाहीत बघा."

मशीन चालूच होतं. खोक्यातल्या आंधळ्या पिल्लानं त्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

काकांनी पायडलवरचा पाय झटकन उचलला.

"काय झालं, काका?"

"ऐकतंय ते," काका पुटपुटले. "पोरी, मी आजवर किती अभ्रे शिवले, त्याला गणती नाही. आता नाही शिवणार. याला घरट्यात ठेवून ये."

"घरट्यात? ते झाड तर परवाच पाडलं." ती ओशाळून हसली. "राहू द्या, पलीकडचा शिंपी शिवेल."

ती खोका घेऊन गल्लीत उतरली. गल्लीत हॉर्न वाजत होते, कुठं मिक्सर फिरत होता, कुणाचा टीव्ही मोठ्यानं लागला होता. पिल्लू सगळं ऐकत होतं.