दातांनी कुरतडलेली माशी

मी मासे फसवायची एक जुनी, खोटी माशी आहे, मित्रांनो, पण स्वतःच्या पंखांनी कधीच उडालेली नाही. माझं सगळं अंग एका बारक्या गळावर बांधलेलं आहे. शेपटी फेजंट पक्ष्याच्या पिसाची, पंख रानबदकाचे आणि मानेभोवती कोंबड्याच्या पिसांची झालर. इंग्लंडातल्या हॅम्पशायरमध्ये एका नदीकाठच्या घरात हेस्टरने मेण लावलेल्या रेशमाने मला बांधलं, तेव्हा ती श्वाससुद्धा जपून घेत होती.

तिचे वडील सायलस यांचे हात हिवाळ्यापासून थरथरत होते. माशी बांधता येईना, म्हणून त्यांनी नदी सोडली आणि खुर्ची धरली. विकतची माशी त्या घरात चालत नसे.

"मी बांधते. मग तरी याल ना, बाबा?"

"एकदा येतो. तुझ्या माशीला मासा लागला, तर रोज येईन. नाहीतर गळाची काठी माळ्यावर टाक."

मे महिना सरत आला होता. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नदी पाहिली आणि थक्क झाले! पाण्यातून माझ्यासारख्याच असंख्य माश्या वर येत होत्या, पंख वाळवत होत्या, हवेत नाचत होत्या. त्यांना खाण्यापुरतं तोंडही नसतं, मित्रांनो. दोन दिवस नाचायचं आणि संपायचं. एवढ्याशा आयुष्याला एवढे देखणे पंख! माझी मलाच लाज वाटली.

त्या नदीवर फक्त तरंगती माशी चालते. ती बुडाली, तर सगळ्या काठाला हसू येतं. त्या धास्तीने हेस्टरने माझी झालर चांगलीच दाट केली होती. मी पाण्यावर ऐटीत उभी राहिले. एक ट्राउट मासा वर आला, त्याने मला न्याहाळून पाहिलं आणि शेपूट फिरवून निघून गेला.

"अगं, माशी बांधलीस की नवरी नटवलीस?" बाबा म्हणाले.

"बुडाली असती तर तुम्हीच नाक मुरडलं असतं!"

"खालची पिसं काप."

"कात्री घरी राहिली."

"आण इकडे. दात आहेत अजून माझे."

त्यांनी माझ्या पोटाखालची पिसं कुरतडून थुंकून टाकली. मला वाईट वाटलं. पण आता मी पाण्याला टेकून बसले, अगदी खऱ्या माशीसारखी. तोच पाणी उघडलं, मी अंधारात गेले आणि काठी वाकली.

हेस्टरने मासा काठाशी आणला. बाबा गुडघ्यांवर बसले, त्यांनी माशाच्या ओठातून मला सोडवलं आणि त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवलं. हात थरथरताहेत की पाणी, ते मला कळेना. माशाच्या अंगात पुन्हा जोर आला आणि तो निसटला.

"उद्या जरा लवकर निघू," बाबा म्हणाले.

पुढचे कितीतरी उन्हाळे ते रोज आले. आता बाबा नाहीत. त्यांची टोपी खुंटीला आहे आणि मी टोपीत टोचलेली. हेस्टर दर मे महिन्यात नवी माशी बांधते आणि कात्री हाताशी असली तरी खालची पिसं दातांनीच तोडते.

माझी पिसं कसर खाते आहे, गळ गंजला आहे. तरी मला काचेच्या चौकटीत बसवू नका, मित्रांनो. मासा पकडायचंही माझं वय नाही. फक्त मे महिन्यात कुणीतरी ती टोपी डोक्यावर घाला आणि काठापर्यंत चला. खुंटीवरून नदी दिसत नाही.