काकींच्या हातचा साबण

कारखान्यात त्याला सगळे किसणी म्हणत. नाव ठेवलं वेल्डरने, नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात, आणि ठेवावं असाच तेव्हा त्याचा चेहरा होता. कारखाना विषारी वायूचा. टाक्यांकडे जायचं तर रबरी मास्क लावायचा, आणि मास्क नीट बसायचा तर गाल रोज गुळगुळीत हवेत. एका दिवसाची खुंटं असली तरी कडेने हवा आत शिरते. याची दाढी कुरळी आणि राठ. हाती लागेल त्या रेझरने तो रोज चेहरा खरवडायचा, मग केस कातडीच्या आतच वळायचे, पुळ्या यायच्या, आणि पुळ्यांवरून पुन्हा रेझर. शर्टाच्या कॉलरवर रक्ताचा ठिपका नाही असा दिवस जायचा नाही.

दर सहा महिन्यांनी मास्कची परीक्षा व्हायची. मास्क लावून बसायचं, डोक्यावरून पारदर्शक टोपडं घालायचं, त्यात कडू पाण्याचा फवारा मारायचा. जिभेला कडू लागलं की नापास. तो दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा झालास तर दुसरीकडे काम शोध, असं साहेबांनी शांतपणे सांगितलं. घरात लेक दीड वर्षाची होती.

त्या संध्याकाळी तो बाजारामागच्या गल्लीत एका अरुंद दुकानात मलम मागायला शिरला. दुकानात फक्त दाढीचं सामान होतं: ब्रश, वाट्या, रेझर, पात्यांची पाकिटं, तुरटीचे खडे. दुकानदाराने मलम दिलंच नाही. याची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला, मग स्टुलावर बसवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून बायकोला हाक मारली. ती ओले हात पदराला पुसत आली, चेहरा पाहिला, आत गेली आणि एक गोल, पिवळसर साबण घेऊन आली. असे साबण ती मागच्या खोलीत स्वतः शिजवायची आणि फळीवर दोन-दोन महिने मुरत ठेवायची. तिचा लाकडी साचा चिरलेला होता, त्यामुळे प्रत्येक साबणाच्या तळाला एक बारीक, वर उठलेली रेघ उमटायची.

दुकानदाराने त्याला फेस कसा करायचा ते दाखवलं, एकाच पात्याचा रेझर कसा धरायचा, कुठे दाबायचं नाही, केस कोणत्या बाजूला उगवतो ते बोटाने चाचपून कसं ओळखायचं. त्याच्या बायकोने, म्हणजे काकींनी, एवढंच सांगितलं, "महिनाभर उलट्या दिशेने पातं फिरवायचं नाही. फिरवलंत तर मला कळेल."

त्यांना खरंच कळायचं. दर शनिवारी तो दुकानात जायचा, त्या गालावरून बोट फिरवायच्या आणि मान हलवायच्या. तिसऱ्या परीक्षेला फवारा संपत आला तरी त्याच्या जिभेला काही लागलं नाही. तो तडक दुकानात गेला. काका काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांनी त्याला मिठी मारली.

अठरा वर्षं तो त्या दुकानात जात राहिला. चेहरा साफ झाला, नाव मात्र किसणीच राहिलं. पुढे तो टाक्यांकडच्या पाळीचा प्रमुख झाला. नवा कामगार आला आणि त्याच्या गालावर ओरखडे दिसले, की हा चिठ्ठीवर पत्ता लिहून द्यायचा आणि बजावायचा, आधी तिथल्या स्टुलावर बस, मग माझ्याकडे ये. पोरं चिडवायची की दुकानात तुमची भागी आहे. तो हसण्यावारी न्यायचा, पण मनातून त्याला ते आवडायचं.

मग काकी गेल्या. आजारपण पुरतं दीड महिनाही चाललं नाही. दुकान महिनाभर बंद होतं. उघडलं तेव्हा तो भेटायला गेला. साबणांच्या रिकाम्या फळीकडे बघत उभा राहिला. काका म्हणाले की तिने जाण्याआधी सगळं शिकवलंय, साबण बंद पडणार नाही. मग थोड्या वेळाने म्हणाले की मागची शेगडी तेवढी नादुरुस्त आहे.

पुढचे तीन रविवार तो त्या मागच्या खोलीत होता. जुनी नळी काढून नवी टाकली, बर्नर बदलला, धूर बाहेर जायला भिंतीला भोक पाडून पाइप बसवला. काका शेजारी उभं राहून बॅटरी धरायचे आणि मधेमधे काकींच्या आठवणी सांगायचे. ज्योत निळी आणि सरळ लागली तेव्हा दोघांचेही डोळे भरून आले.

दोन महिन्यांनी नवे साबण फळीवर आले. पूर्वीसारखेच खाकी कागदात गुंडाळलेले, वर पेन्सिलीने तारीख. वास थोडा वेगळा होता. काका म्हणाले, हात बदलला की वास बदलतो. तळाची रेघ जाऊन तिथे तीन पाकळ्यांचं छोटं फूल आलं होतं. त्यावर काका म्हणाले, जुना साचा पार दुभंगला, सुताराकडून नवा करून घेतला. त्याला हे सगळं पटलं. घरी जाऊन बायकोला तो म्हणालासुद्धा, माणसाने जोडीदाराची आठवण जपावी तर अशी. कधीकधी साबण मिळायचा नाही. काका सांगायचे, अजून मुरलेला नाही, पंधरा दिवस थांबा. मग हा उरलेला तुकडा वाटीच्या तळाशी चिकटवून पुरवून पुरवून वापरायचा.

याच काळात कारखान्यातले लोक ब्रश-पाती फोनवरून मागवायला लागले. घरपोच येतं, शोधत फिरायला नको. याला ते सहन व्हायचं नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत वेल्डरच्या पिशवीतून ऑनलाइन मागवलेल्या सामानाचा पुठ्ठा डोकावला आणि हा सगळ्यांसमोर त्याच्यावर घसरला. म्हणाला की त्या माणसाच्या स्टुलावर फुकटात शिकलास आणि आता त्याच्याच पोटावर पाय देतोस, जनाची नाही तर मनाची तरी. वेल्डर म्हणाला, "जरा ऐकून घे, मला तुला एक सांगायचंय." याने डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला. वीस वर्षांची दोस्ती होती. त्या दिवसापासून दोघांत फक्त कामापुरतं बोलणं उरलं. या गोष्टीला दोन वर्षं झाली होती.

यंदा काकांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. दुकानाच्या शटरवर तीन आठवडे बंद असल्याची चिठ्ठी लागली आणि नेमका त्याच आठवड्यात याचा साबण संपला. लेक आता एम.ए. करत होती. बाबा दोन दिवस बेसिनसमोर चिडचिड करताहेत हे पाहून तिने त्याला न विचारता फोनवर शोधलं, ज्याच्याबद्दल लोकांनी बरं लिहिलं होतं असा एक साबण निवडला आणि मागवला. पार्सल आलं तेव्हा तो तिच्यावर वैतागला. पण सकाळी पाळी होती, गाल तर हवेच होते साफ. त्याने ब्रश भिजवला.

गालावर फेस चढायला लागला तसा वास आला. तो थांबला. पुन्हा हुंगला. गेली चार वर्षं रोज सकाळी हाच वास त्याच्या नाकात होता. त्याने वाटी नळाखाली धरून फेस धुऊन काढला, साबण उपडा केला. तळाला तीन पाकळ्यांचं फूल होतं.

त्याने अर्धवट फेसाने भरलेल्या चेहऱ्यानेच जाऊन लेकीला विचारलं, हे कुठून येतं. तिने फोनवर दाखवलं. कुठल्याशा मोठ्या कारखान्याचा माल, एका खोक्यात चोवीस, किरकोळही मिळतात, घाऊकही. फोटोत खोकं उघडं ठेवलं होतं आणि सगळी फुलं रांगेत वर तोंड करून होती. लेक म्हणाली, "बाबा, काय झालं?" तो म्हणाला, काही नाही, चांगला आहे साबण.

ज्या दिवशी दुकान उघडलं त्या दिवशी तो संध्याकाळी गेला. काकांच्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. त्याला बघून ते खूश झाले, स्टूल पुढे सरकवलं. तो बसला नाही. खिशातून साबण काढून फुलाची बाजू वर करून काउंटरवर ठेवला आणि मागची खोली बघायची आहे म्हणाला. काका तिथेच उभे राहिले. त्यांनी अडवलं नाही.

त्याने बसवलेली शेगडी जागेवर होती. बर्नरवर काजळीचा एक डाग नव्हता. शेगडीवर पुठ्ठ्याची तीन खोकी एकावर एक ठेवलेली होती, त्यांतलं वरचं उघडं. शेजारच्या टेबलावर खाकी कागद कापून ठेवले होते आणि त्यावर पेन्सिल.

तो बाहेर आला तेव्हा काका बोलायला लागले. तिने शिकवलं होतं हे खरं नव्हतं. शिकवायला ती उठूनच बसली नव्हती. त्यांनी घरच्या गॅसवर दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा सगळं फाटलं आणि हात भाजला. फळी रिकामी पाहून गिऱ्हाइकं दारातूनच परत फिरत होती. तेवढ्यात फोनवर हा साबण दिसला, जवळपास तसाच.

"शेगडी कधी दुरुस्त केली मी?" त्याने विचारलं. "हे मागवण्याआधी की नंतर?"

काका काउंटरवरची पात्यांची पाकिटं नीट लावू लागले.

"नंतर," ते म्हणाले. "पहिलं खोकं तेव्हा माळ्यावर होतं. तू अवजारं घेऊन दारात उभा राहिलास. तुला नाही कसं म्हणू?"

इतक्या वर्षांत काकांनी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं होतं. ते लक्षात येऊनही त्याला काही वाटलं नाही. त्याला तीन रविवार आठवत होते. भिंतीला भोक पाडताना सिमेंट डोळ्यांत गेलं तेव्हा काकांनी आपल्या रुमालाने त्याचा डोळा पुसला होता. खोकं माळ्यावर ठेवून पुसला होता. आणि ते पंधरा दिवस थांबा, मुरू द्या. मुरायचं काय होतं? पार्सल यायचं होतं.

त्याने तेवढंच विचारलं की मला तरी का नाही सांगितलं. काका म्हणाले की तुलाच सांगणं अवघड होतं, बाकी कुणी साबण उलटा करून बघतसुद्धा नव्हतं. मग त्यांनी खालचा खण उघडला, आतून सुती कापडाची एक पुरचुंडी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. काकींच्या हातचा शेवटचा साबण, ते म्हणाले. इतकी वर्षं जपलाय, तू घेऊन जा.

त्याने कापड सोडलं. साबण वाळून आक्रसला होता, तळाला बारीक रेघ होती. त्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला आणि त्याच्या मनात आलं की रेघ काय, कोणीही पाडू शकतं. ते मनात आल्याचं त्याचं त्यालाच फार वाईट वाटलं. साबण खरा असणार. पण आता ते कोणी सांगितलं तरी उपयोग नव्हता. त्याने कापड पुन्हा गुंडाळलं, पुरचुंडी काकांच्या बाजूला सरकवली आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन वेल्डरच्या टेबलावर जाऊन बसला. वेल्डरने मान वर केली. याने सगळं सांगितलं. शेगडीचं तेवढं भरभर सांगून टाकलं. मग म्हणाला, त्या दिवशी मी चुकलो.

वेल्डरने घास पुरता चावला. "ते फूल मी दोन वर्षांपूर्वीच पाहिलं होतं. त्या पुठ्ठ्यात तोच साबण होता. तुला दाखवायलाच आणला होता."

"मग नंतर का नाही सांगितलंस?"

"नंतर राग आला होता तुझा. राग गेला, मग वाटलं, कशाला. तू नव्या पोरांना त्या बाईंच्या साबणाबद्दल सांगायचास ना, तेव्हा तुझं तोंड बघवायचं नाही इतका खूश असायचास." वेल्डरने डब्याचं झाकण लावलं. "आम्हा चार-पाच जणांना माहीत होतं."

चार-पाच जणांना. म्हणजे तो चिठ्ठीवर पत्ता लिहीत होता तेव्हा शेजारी बसलेल्यांना माहीत होतं. त्यांनी मान खाली घालून जेवण चालू ठेवलं होतं. त्याला वेल्डरवर ओरडायचं होतं, पण ऐकून घे म्हणणाऱ्या माणसापुढून डबा त्यानेच उचलला होता. आता कोणत्या तोंडाने ओरडणार? त्याने समोरचं अन्न संपवलं. वेल्डरने पाण्याची बाटली त्याच्याकडे सरकवली, ती त्याने घेतली.

साबण आता लेक फोनवरून मागवते. तोच, तीन पाकळ्यांचा, कारण त्याच्या कातडीला तो चालतो. चेहरा साफ आहे. मास्कच्या परीक्षेत तो त्या पहिल्या दोन वेळांनंतर कधी नापास झालेला नाही. बाजारात जायचं झालं तर तो पुढच्या रस्त्याने वळसा घालून जातो.

गेल्या आठवड्यात पाळीवर एक नवा कामगार आला. गळ्याखाली लाल पुळ्यांची माळ, कॉलरवर ठिपका. किसणीने खिशातून सवयीने कागद आणि पेन काढलं आणि क्षणभर तसंच हातात धरलं. मग पेन खिशाला लावून तो त्याला हातपाय धुवायच्या खोलीत घेऊन गेला, आरशासमोर उभं केलं, हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि केस कोणत्या बाजूला उगवतो ते बोटाने दाखवलं. नव्याने विचारलं, सामान कुठून घ्यायचं. तो म्हणाला, कुठूनही घे, दाबू नकोस म्हणजे झालं.